खांबाला बांधलेला साबण

काकू नाकासमोर चालायच्या. सरळमार्गी माणसाबद्दल आपण म्हणतो तसं नव्हे. त्या खरोखरच नाकाच्या भरवशावर चालायच्या. चाळिशी उलटली आणि त्यांच्या डोळ्यांनी हळूहळू रजा घेतली. आधी सुईत दोरा ओवेना, मग पायरी दिसेना, मग नवऱ्याचं तोंड. "त्याचं काय एवढं, पाठ आहे ते मला," असं त्या दवाखान्यात म्हणाल्या आणि डॉक्टरसुद्धा हसले. घरी आल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडून राहिल्या. उठल्या नाहीत, बोलल्या नाहीत. हे फक्त काकांना ठाऊक होतं, आणि त्या दिवसाची त्यांनी जन्मभराची धास्ती घेतली.

काका तराजू दुरुस्त करायचे. शहराच्या ऐन मध्यावर, जुन्या बाजाररस्त्यावर त्यांचं चिंचोळं दुकान होतं. आत एक बाक, बाकावर कानशी आणि तेलाची बुधली, भिंतीला टांगलेल्या दांड्या आणि पितळी पारडी. मशीनचं तेल आणि पितळ घासायची पावडर यांचा वास त्या दुकानाला असा चिकटला होता, की काका अंघोळ करून आले तरी तो त्यांच्या आधी घरात शिरायचा. बाजारातला प्रत्येक काटा कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेला. बाकाच्या मधोमध एक मोठा तराजू कायम उभा असे. त्याची दांडी इतकी हलकी होती, की नुसतं बोट टेकलं तरी दोन्ही पारडी थरथरून किणकिणायची. दुकानदारांचं आपसात काही वाजलं, कुणी कुणावर खोटेपणाचा आळ घेतला, की ते इथे यायचे आणि म्हणायचे, काट्यावर हात ठेवून सांग. हा नियम कुणी केला नव्हता. पण हात ठेवून पारडी वाजली, की खोटं बोलायला भल्याभल्यांची जीभ रेटत नसे.

या दुकानात दुपारचा डबा घेऊन काकू रोज एकट्या यायच्या. घराची गल्ली संपते तिथे साबणाचं दुकान, तिथे वळायचं. मग दोरखंडवाला, त्याच्या तागाचा कोरडा वास. मग बुकबाइंडर, त्याच्या खळीचा आंबूस वास आला की रस्ता ओलांडायचा. पलीकडे चामड्याच्या पिशव्यांचं दुकान, आणि त्याच्या पुढे तेल आणि पितळ, म्हणजे नवरा. कुणी विचारलं, पावलं मोजता का हो, तर म्हणायच्या, "मोजण्याचं खातं ह्यांच्याकडे. मी फक्त वास घेते." काठी वापरायच्या नाहीत. "काठी दाराआड बरी आणि नवरा दुकानात बरा. रस्त्यावर दोघांचंही काम नाही." कुठल्याही बोलण्यातला शेवटचा शब्द त्यांचा असायचा. तो दुसऱ्या कुणी घेतला तर त्यांना जेवण जात नसे.

आणि रस्ताही शहाणा होता. त्या येताना दिसल्या की कुणी "सांभाळून" असं ओरडायचं नाही. एकदा एका भल्या माणसानं त्यांचं कोपर धरून त्यांना पलीकडे नेलं होतं, तर त्याला पलीकडे पोचेपर्यंत ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून दुकानदार मुकाट्यानं आपापल्या टोपल्या, गोण्या आत ओढून घेत. काका दारात उभे राहून श्वास रोखून बघायचे, आणि त्या जवळ आल्या की धावत आत जाऊन कानस हातात घ्यायचे.

"धापा का टाकताय?"

"काम होतं गं."

"असेल असेल," असं म्हणून काकू डबा उघडायच्या. मग दोघं त्या बाकावर, तराजूच्या दोन बाजूंना बसून जेवायची.

रस्ता बदलायला लागला ते काकांना सगळ्यांच्या आधी कळलं. पाट्या नंतर उतरायच्या, तराजू आधी परत यायचे. पहिला साबणवाला आला. आपला काटा त्यानं बाकावर ठेवला आणि म्हणाला, "ठेवा तुमच्याकडेच. आता तोलायला काही उरलं नाही." मालकानं जागा कॉफीच्या हॉटेलला दिली होती. मग दोरखंडवाला, मग बाइंडर. एकेका दुकानाच्या जागी काचेचं दार, मंद दिवे आणि टेबलखुर्च्या आल्या. माणसाला भूक लागते हे कबूल. पण एका रस्त्याला किती भूक लागावी याला काही सुमार आहे की नाही? सुतळीचा तोडा हवा असेल तर आता शहराच्या टोकाला जा, पण दोरखंडवाल्याच्या जागी आठ प्रकारचं लिंबूपाणी मिळेल. आणि वास सगळीकडे एकच. तळण, कॉफी, आणि हवेत फवारायचा तो गोडमिट्ट सुगंध.

साबणाचं दुकान बंद झालं त्याच आठवड्यात काकू चुकल्या. वळायची खूण लागली नाही, म्हणून सरळ चालत थेट मोठ्या रस्त्यावर गेल्या. घरपोच जेवण नेणाऱ्या एका मोटरसायकलीचा धक्का लागला. लागलं फारसं नाही, पण डबा उडाला, भाजी रस्त्यावर सांडली, आणि आपलं घर कुठल्या बाजूला हेच त्यांना कळेना. कुणीतरी त्यांना दुकानात आणून सोडलं. काकू बाकावर बसल्या. दोन्ही हात मांडीत घट्ट धरले होते.

संध्याकाळी परगावच्या मुलीचा फोन आला. "बाबा, आईला आता एकटं सोडू नका. नाहीतर मी तिला इकडेच घेऊन येते."

"तिच्याकडे जाऊन काय करू?" काकू म्हणाल्या. "सोफ्याची राखण?" पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "अहो, साबणवाला उठला का?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मग जे तोंडातून निघालं ते काकांनी ठरवून म्हटलेलं नव्हतं.

"छे गं. आज दुकान बंद होतं त्याचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे काका साबणाच्या वड्या फडक्यात बांधून घेऊन गेले आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दिव्याच्या खांबाला ती पुरचुंडी बांधून आले. दुपारी काकू डबा घेऊन आल्या त्या उजळलेल्या तोंडानं. "आहे की तुमचा साबणवाला. मी उगाच घाबरले." काकांना त्या दिवशी इतका आनंद झाला की त्यांनी भाजी दोनदा वाढून घेतली. चांगल्या मनानं बोललेलं खोटं फार चवदार लागतं. तिथेच माणूस फसतो.

मग ते खोटं पोसण्यात काकांचा जन्म जाऊ लागला. दोरखंडवाला उठला तेव्हा त्याच्याकडूनच तागाचं एक वेटोळं मागून घेतलं आणि भिंतीच्या खिळ्याला टांगलं. बाइंडर गेला तर काका स्वतः दुकानात खळ शिजवू लागले आणि रोज सकाळी जुन्या पायरीच्या कडेला फासू लागले. ती एक मांजर चाटून जायची, म्हणून जाता येता मांजरीला हाकलायचं कामही त्यांच्याकडे आलं. चामड्याचं दुकानही गेलं, तेव्हा चामड्याचे तुकडे तिथल्या खिडकीच्या जाळीला अडकवले. सगळा रस्ता हॉटेलांचा झाला, आणि काकूंच्या नाकापुरता तो होता तसाच राहिला.

वास सापडत होते, आवाज कुठून आणायचे?

"बाइंडरचा खोकला ऐकू आला नाही हो बऱ्याच दिवसांत."

"चांगलं औषध मिळालंय त्याला."

"आणि दोरवाला? पूर्वी खाकरून तरी जाणवून द्यायचा."

"त्याचे दात काढलेत सगळे. बोलायची लाज वाटते त्याला."

"मग कवळी बसव म्हणावं." पुढे कित्येक दिवस काकू त्या कवळीची चौकशी करत राहिल्या. दोरखंडवाला तेव्हा आपल्या भावाच्या गावी, दाताला दात लावून जगत होता.

हॉटेलं आहेत हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. भांड्यांचे, गाण्यांचे आवाज येतच होते. काका सांगायचे, वरच्या मजल्यावर निघालंय एक. पण एक दिवस जेवता जेवता त्यांचा घास थांबला.

"अहो, एक विचारू? ही सगळी दुकानं आहेत ना जागेवर?"

"आहेत की. तुला वास येत नाही का?"

"वास येतो. म्हणूनच विचारते. काट्यावर हात ठेवून सांगा."

काकांनी हात उचलला. तराजू समोर होता, दांडी वीतभर अंतरावर. त्यांनी तो हात बाकाच्या लाकडावर ठेवला आणि म्हणाले, "आहेत."

काकूंनी पारड्यांकडे कान दिला. मग म्हणाल्या, "बरं झालं," आणि उरलेला घास तोंडात घातला. काकांना मात्र त्या दिवसापासून त्या बाकावर जेवण गोड लागलं नाही.

मग त्यांच्याच दुकानाची पाळी आली. येणारच होती. इमारतीच्या मालकानं शेजारचे दोन गाळे आणि काकांचा गाळा एकत्र करून एका मोठ्या हॉटेलाला दिले. काकांना मागच्या गल्लीत जिन्याखाली जागा मिळाली. हॉटेलाची मॅनेजर तरुण होती, बोलायला गोड होती. तिला तो मोठा तराजू फार आवडला. "काका, हा आम्हाला द्या. समोरच्या भिंतीवर लावू. या जागेची आठवण." काकांनी दिला. जिन्याखाली तो मावतही नव्हता.

तोडफोड चालू होती तेवढे दिवस ते दुपारी जुन्या दारात तेलाचं फडकं घेऊन उभे राहायचे. "आत रंग चालू आहे, आज पायरीवरच बसू," असं म्हणून काकूंना तिथेच बसवायचे. आज सांगू, उद्या सांगू. डबा उघडला की वाटायचं, जेवू दे आधी. जेवण झालं की वाटायचं, आता कशाला तिच्या तोंडची चव घालवा. शेवटी हॉटेल उघडायचा दिवस आला. त्या दिवशी त्यांनी पक्कं ठरवलं की चामड्याच्या जाळीपाशी काकूंना गाठायचं आणि सगळं सांगून टाकायचं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

ते निघाले तेवढ्यात मॅनेजरचा निरोप आला. भिंतीवरच्या तराजूचं एक पारडं खाली आलंय, फोटोत वाकडं दिसतं, जरा येता का? काकांनी घड्याळ पाहिलं. वेळ होता. हातासरशी होईल म्हणून ते गेले, आणि शिडीवर चढून तेलाच्या फडक्यानं दांडीचा मधला खिळा पुसू लागले. काम त्यांच्या हातात आलं की त्यांना घड्याळाचं भान राहत नसे, आणि त्या तराजूला तर ते शेवटचाच हात लावत होते.

काकू आल्या. साबणावर वळल्या, तागाजवळून गेल्या, खळीपाशी रस्ता ओलांडला. तेलाचा आणि पितळेचा वास आला तिथे आत शिरल्या. काचेचं दार पाहुण्यांसाठी सताड उघडंच होतं. शिडीवरून काकांना त्या दिसल्या तेव्हा त्या बरोबर आपल्या जागी, जिथे बाक असायचा तिथे पोचल्या होत्या. तिथे आता टेबल होतं आणि टेबलाशी एक जोडपं बसलेलं होतं. काकूंनी बसायला हात पुढे केला तो त्या बाईच्या खांद्यावर पडला. पाण्याचा पेला आडवा झाला.

"गिऱ्हाईक आहे वाटतं," काकू हसून म्हणाल्या. "अहो, तुमचं चालू द्या, मी थांबते."

वेटर धावत आला. "आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही इथे."

"बाहेरचं कुठलं? घरचं आहे," काकू म्हणाल्या. आसपासची माणसं हसली. त्या हसण्यात किती टेबलं होती ते काकूंच्या कानांनी टिपलं असणार, कारण त्यांच्या तोंडावरचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी हळूच विचारलं, "हे तराजूचं दुकान ना?"

"हॉटेल आहे आजी. तराजू भिंतीवर आहे, शोभेचा."

"आणि त्या वळणावर साबणाचं दुकान आहे ना? आत्ता तर त्याच्यावरून आले मी."

वेटर चांगल्या घरचा होता. उगाच काही दडवावं असं त्याला वाटलं नाही. "तिथे कॉफी मिळते आजी. हा सगळा रस्ता खाण्यापिण्याचाच आहे, मी आधी पलीकडच्या हॉटेलात होतो, तेव्हापासून. तो साबण ना, तो कुणीतरी खांबाला बांधून जातं. दोरीपण टांगतं, पायरीला काय ते चिकट फासतं. आम्ही रोज म्हणतो, कोण वेडा आहे कळत नाही."

काका शिडीवर होते. ते उतरायला वळले. धरायला काही हवं म्हणून त्यांचा हात दांडीवर पडला आणि दोन्ही पारडी किणकिणली. काकूंनी मान वर केली. बरोबर त्यांच्याकडे.

काका खाली आले, जवळ जाऊन उभे राहिले. काकूंनी डबा त्यांच्या हातात दिला आणि दुसरा हात पुढे केला. "धरा," म्हणाल्या.

इतक्या वर्षांत तो हात रस्त्यावर कधी त्यांच्या हाती आला नव्हता. आता आला तर तो बर्फासारखा गार होता. चामड्याच्या तुकड्यांपाशी आल्यावर काकू थांबल्या.

"तेव्हा पारडं वाजलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नुकतंच तेल घातलं असेल तुम्ही."

काका पुटपुटले, "तू पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडशील, ह्या भीतीनं…"

"पडले असते. दोन दिवस पडले असते आणि उठले असते. मागे नव्हते का उठले? दोरवाला होता तेव्हा, बाइंडर होता तेव्हा, त्यांना विचारून विचारून मी नव्या खुणा पाठ केल्या असत्या. कॉफीवर वळायला शिकले असते. आता कुणाला विचारू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी मुलीला ताठ मानेनं सांगत होते, मी एकटी जाते, एकटी येते. मी एकटी येतच नव्हते. तुम्हीच आणत होतात मला, दोरीला बांधून."

काका रडले. भर रस्त्यात, डबा छातीशी धरून, लहान पोरासारखे रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं, आणि मग दोघं घरी गेली.

त्यानंतर काकू एकट्या बाहेर पडल्या नाहीत. काकांनी सगळे उपाय केले. पुरचुंडी सोडली, ताग काढला, पायरी खरवडून धुतली. कॉफीवर वळायचं, तळणाचा वास आला की भिंत धरायची, असा नवा रस्ता त्यांनी काकूंना हाताला धरून दाखवला. त्या बरोबर चालायच्या. प्रत्येक कोपऱ्यावर काका आता खरं सांगायचे, इथे अमुक होतं, इथे तमुक झालंय. काकू म्हणायच्या, "बरं." शेवटचा शब्द अजूनही त्यांचाच होता, पण तो एवढाच उरला होता.

एका सकाळी खिडकीतून साबणाचा वास आला. शेजारची सून कपडे धूत होती, काका खिडकीतच उभे होते, त्यांना दिसत होती ती. खाटेवर बसलेल्या काकूंनी वास घेतला आणि मान वळवली.

"हा तुम्ही ठेवलात का हो?"

"नाही गं. शेजारी धुणं चाललंय."

काकू नुसत्या कान देऊन बसल्या. त्या कशाची वाट बघताहेत ते काकांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी हात उचलला आणि घरभर पाहिलं. तो ठेवायचा कशावर? तराजू हॉटेलाच्या भिंतीवर होता.

"खरंच सांगतो," काका म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.